टाकाऊ म्हणून फेकलेल्या पुटिका आणि त्यांतून जाणारा आरएनए

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. यांतील प्रत्येक पेशी परिपक्व होत असताना, बिऱ्हाड हलवण्याआधी घर रिकामे करावे तशी, आपल्याकडील एकेक वस्तू काढून टाकत जाते. आधी केंद्रक जाते, मग इतर अंगके जातात, आणि शेवटी रक्तातील लोह आत ओढून घेण्यासाठी पृष्ठभागावर बसवलेले ट्रान्सफेरिनचे ग्राही प्रथिनही जाते, कारण हिमोग्लोबिन पुरेसे तयार झाल्यावर त्याला काही काम उरत नाही. हे प्रथिन नेमके कोणत्या वाटेने बाहेर पडते, याचा शोध १९८३मध्ये दोन गट एकमेकांपासून दूर बसून घेत होते. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन मेंढीच्या अर्धपरिपक्व रक्तपेशींवर काम करत होत्या, तर अमेरिकेत सेंट लुइस येथे क्लिफर्ड हार्डिंग, फिलिप स्टाल आणि त्यांचे सहकारी उंदराच्या अशाच पेशींवर. दोघांनाही अनपेक्षित गोष्ट दिसली. हे प्रथिन पेशीच्या आत मोडून टाकले जात नव्हते. अतिशय बारीक पुटिकांच्या, म्हणजे पटलाने वेढलेल्या फुग्यांच्या, अंगावर बसून ते त्या पुटिकांसह बाहेर सोडले जात होते.

जॉनस्टन यांच्या गटाने १९८७मध्ये या पुटिकांसाठी 'एक्झोसोम' हे नाव वापरले आणि तेच पुढे रूढ झाले. नाव मिळाले तरी प्रतिष्ठा मात्र मिळाली नाही. पेशीला नको असलेल्या वस्तू बाहेर टाकण्याची ही एक पद्धत, एवढाच तिचा अर्थ लावला गेला. त्याच्याही आधी, १९६७मध्ये, पीटर वुल्फ यांनी रक्तबिंबिकांपासून सुटणाऱ्या अशा कणांना 'बिंबिकांची धूळ' म्हटले होते. धूळ काय किंवा कचरा काय, त्यावर आयुष्य घालवायला फारसे कोणी तयार नसते. १९९६मध्ये ग्रासा रापोझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रतिकारसंस्थेतील बी-पेशींनी सोडलेल्या पुटिका जंतूंचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मिरवतात आणि ते पाहून टी-पेशी चाळवल्या जातात. कचऱ्यात काहीतरी वाचण्याजोगे असते, ही शंका तेव्हापासून बळावत गेली.

या पुटिका तयार कशा होतात, हे थोडे सावकाश समजून घेतले पाहिजे, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्यांच्या घडणीवरच उभी आहे. पेशीचे पटल अधूनमधून आत खचते आणि बाहेरच्या द्रवाचा घोट घेऊन एक पिशवी आत तुटून पडते. या पिशवीच्या भिंतीतूनच मग आणखी बारीक फुगे तिच्या पोकळीत तुटून पडतात आणि तसे होताना आसपासचा पेशीद्रव प्रत्येकात थोडाथोडा बंद होतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पिशवी दाण्यांनी गच्च भरलेल्या डाळिंबासारखी दिसते. तिच्यापुढे आता दोन वाटा असतात. ती लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनकोठीत, जाऊन मिळाली तर आतले सारे दाणे विरघळून जातात. ती पेशीच्या बाहेरच्या पटलाला जाऊन मिळाली तर डाळिंब फुटते आणि दाणे बाहेर सांडतात. हे सांडलेले दाणे म्हणजे एक्झोसोम.

यातील मेख अशी, की पटल येथे दोनदा उलटले जाते. कापडी पिशवी एकदा उलटी केली की शिवण बाहेर येते. पुन्हा उलटी केली की ती होती तशी सुलट होते. त्यामुळे एक्झोसोमच्या बाहेरच्या अंगावर तीच प्रथिने बाहेरच्या बाजूने तोंड करून असतात जी मूळ पेशीच्या बाहेरच्या अंगावर असतात, आणि त्याच्या पोटात पेशीद्रवाचा थेंब असतो. म्हणजे प्रत्येक एक्झोसोम ही मूळ पेशीची केंद्रकाविना बनलेली चिमुकली प्रतिकृतीच म्हणता येईल. तिचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो हे लक्षात घेतले की तिचा आकार ध्यानात येईल. पेशी आपल्या बाहेरच्या पटलावरून थेट खुडल्यासारख्याही पुटिका सोडते. त्या सहसा याहून मोठ्या, अगदी १,००० नॅनोमीटरपर्यंतच्या असतात. मरणाऱ्या पेशीचे तुकडे त्याहूनही मोठे असतात. एकदा रक्तात मिसळल्यावर कोणती पुटिका कोणत्या मार्गाने आली हे ठरवणे फार कठीण होते, म्हणून या विषयातील जाणकार अलीकडे सर्वांनाच सरसकट 'पेशीबाह्य पुटिका' म्हणणे पसंत करतात.

आता आरएनएकडे वळू. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातील मूळ दप्तर बाहेर नेता येत नाही, पण हव्या त्या पानाची नक्कल मिळते. पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे मूळ दप्तर मानले, तर संदेशवाहक आरएनए ही त्यातील एका जनुकाची नक्कल होय. ती केंद्रकाबाहेर येते, रायबोझोम ती वाचतात आणि तिच्यानुसार प्रथिन बनवतात. याशिवाय सूक्ष्म आरएनए नावाचा एक आखूड प्रकार असतो, जेमतेम २२ अक्षरांचा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो आपल्या अक्षरांशी जुळणारी नक्कल शोधतो आणि तिच्यावर जणू 'रद्द' असा शिक्का मारतो, ज्यामुळे त्या नकलेपासून प्रथिन बनणे थांबते किंवा मंदावते. या प्रकाराचा पहिला नमुना १९९३मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला आणि त्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांगण्याचा मुद्दा असा, की नक्कल काय किंवा शिक्का काय, दोन्ही गोष्टी पेशीचे वागणे बदलू शकतात. एका पेशीची नक्कल दुसऱ्या पेशीच्या हाती पडली, तर दुसरी पेशी पहिलीच्या सांगण्यावरून प्रथिन बनवू लागेल.

अडचण अशी, की आरएनए फार नाशवंत असतो. आपल्या त्वचेवर, घामात, लाळेत, रक्तात, सगळीकडे त्याचे तुकडे करणारी विकरे असतात. आरएनएवर काम करणारे संशोधक हातमोजे घालतात ते बहुतांशी स्वतःच्या बोटांपासून नमुना वाचवण्यासाठी. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तो पाहता पाहता नाहीसा होतो. म्हणून पेशी एकमेकींशी आरएनएच्या भाषेत बोलत असतील, ही कल्पना बराच काळ कोणी गंभीरपणे घेतली नव्हती. पेशी संप्रेरकांनी बोलतात, प्रथिनांनी बोलतात, चेतापेशी रासायनिक द्रव्यांनी बोलतात, एवढे सर्वमान्य होते.

२००७मध्ये स्वीडनमधील योटेबोर्ग येथे हादी वालादी, यान लोटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने हे चित्र बदलले. त्यांनी उंदराच्या मास्ट पेशींनी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींनी, बाहेर टाकलेले एक्झोसोम गोळा केले. त्यांवर आरएनए तोडणारे विकर टाकूनही आतला आरएनए शाबूत राहिला, म्हणजे तो बाहेर चिकटलेला नसून पटलाच्या आत बंद होता. त्यात सुमारे १,३०० जनुकांच्या नकला आणि शंभरावर प्रकारचे सूक्ष्म आरएनए आढळले. पुढची पायरी खरी चतुराईची होती. हे उंदराचे एक्झोसोम त्यांनी माणसाच्या मास्ट पेशींना दिले आणि काही तासांनी त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिने सापडली. उंदराच्या आणि माणसाच्या प्रथिनांत ओळखता येण्याजोगा फरक असतो, म्हणून दोन वेगळ्या प्राण्यांच्या पेशी निवडणे हाच या प्रयोगाचा प्राण होता.

या प्रयोगाच्या शोधलेखात आणखी एक निरीक्षण होते, आणि माझ्या मते त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. एक्झोसोममध्ये सापडलेल्या नकलांपैकी बऱ्याच नकला मूळ पेशीच्या पेशीद्रवात आढळल्याच नाहीत. पेशीद्रवाचा थेंब आंधळेपणाने भरला जात असता, तर आतबाहेर प्रमाण सारखेच दिसायला हवे होते. म्हणजे भरणीच्या वेळी निवड होते. २०१३मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले, की काही सूक्ष्म आरएनएंच्या अक्षरांत चार अक्षरांची ठरावीक खूण असते आणि आरएनएला धरणारे एक प्रथिन ती ओळखून त्यांना पुटिकेत पोचवते. अर्थात निवड होते एवढ्यावरून निरोप पाठवला जातो हे सिद्ध होत नाही. रद्दी काढतानाही आपण निवड करतोच.

येथून पुढे या विषयात उत्साहाचा पूर आला, आणि पूर म्हटला की गाळही आलाच. थोडा हिशोब करून पाहू. १० मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीशी तुलना केली, तर १०० नॅनोमीटरच्या पुटिकेचा व्यास शंभरपट लहान, म्हणून घनफळ दहा लाखपट लहान. एवढ्या जागेत लांबलचक नकलांची थप्पी मावणार नाही हे उघड आहे. सिएटलमधील एका गटाने २०१४मध्ये प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा मुबलक समजल्या जाणाऱ्या सूक्ष्म आरएनएची सुद्धा एक प्रत मिळवण्यासाठी सरासरीने शंभराहून अधिक एक्झोसोम धुंडाळावे लागले. सूक्ष्म आरएनएच्या शिक्क्याचा परिणाम दिसायला मात्र एका पेशीत त्याच्या निदान शेकडो प्रती लागतात. म्हणजे शंभर लिफाफ्यांपैकी एकात मजकूर आणि कामाला लागायला मजकुराच्या शेकडो प्रती, असा हा व्यवहार होतो.

शिवाय लिफाफा दारात पडला म्हणजे तो उघडला गेला असेही नाही. घेणारी पेशी पुटिकेला बहुधा अख्खी गिळते. त्यामुळे ती पुन्हा एका पिशवीतच जाऊन पडते आणि त्यांतील बहुसंख्य पुटिका लयकारिकेत पचून जातात. आरएनएला कामाला लागायचे तर पुटिकेचे पटल आणि त्या पिशवीचे पटल एकमेकांत विरघळून दार उघडले पाहिजे. विषाणूंकडे त्यासाठी खास प्रथिने असतात. पुटिकांकडे अशी सोय सहसा नसते, आणि दार उघडण्याचे प्रमाण अल्प असते.

पुटिका वेगळ्या काढण्यातही गफलती होतात. गुरुत्वाकर्षणाच्या एक लाखपट जोराने नमुना तासन्तास फिरवून तळाशी जो साका बसतो तो 'एक्झोसोम' म्हणून वापरण्याची पद्धत आहे, पण त्याच साक्यात चरबी वाहणारे कण आणि प्रथिनांच्या गाठीही येतात. रक्तातील बराचसा सूक्ष्म आरएनए तर पुटिकांत नसतोच. तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत सुरक्षित असतो, हे २०११मध्येच दाखवले गेले होते. एक गंमत अशी, की प्रयोगशाळेत मानवी पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात वासराच्या रक्तातील द्रव मिसळलेला असतो आणि त्या द्रवात वासराच्या स्वतःच्या पुटिका असतात. त्या आधी काढून टाकल्या नाहीत, तर संशोधक मानवी पेशींचा निरोप म्हणून गोठ्यातील गप्पा वाचत बसतो.

इतके असूनही हा विषय निकालात काढता येत नाही, कारण काही प्रयोगांत आरएनए पोचल्याचा आणि वाचला गेल्याचा पुरावा नाकारणे कठीण आहे. त्यातील एक २०१५मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी जिवंत उंदरांत केला. 'क्री' नावाचे एक विकर डीएनएचा ठरावीक तुकडा कापून काढते. त्यांनी हे विकर बनवणाऱ्या आक्रमक कर्करोग-पेशी आणि क्री मिळताच लालऐवजी हिरव्या चमकू लागतील अशा, तुलनेने सौम्य कर्करोग-पेशी एकाच उंदरात ठेवल्या. काही लाल पेशी हिरव्या झाल्या. पुटिकांत क्रीची आरएनए-नक्कल होती. येथे मोजणीच्या वादाला फारसा वाव नाही, कारण विकराचे काही मोजके रेणू तयार झाले तरी डीएनए कायमचा बदलतो आणि पेशी आयुष्यभर हिरवी राहते. हिरव्या झालेल्या सौम्य पेशी त्यानंतर आक्रमक पेशींसारख्या सरकू आणि पसरू लागल्या. कर्करोगाची गाठ आपल्या भोवतालच्या पेशींना बिघडवते, हे डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्याची एक वाट येथे डोळ्यांना दिसली.

दुसरे उदाहरण मेंदूतील आहे आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटते. 'आर्क' नावाचे जनुक दीर्घकालीन स्मृतीसाठी लागते. ते निकामी केलेल्या उंदरांना आज शिकलेले उद्या आठवत नाही. जानेवारी २०१८मध्ये युटा विद्यापीठातील जेसन शेफर्ड यांच्या गटाने आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्हिव्हियन बडनिक आणि ट्रॅव्हिस थॉमसन यांच्या गटाने एकाच वेळी जाहीर केले, की आर्क प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन पोकळ चेंडू बनवतात, या चेंडूत आर्कचीच आरएनए-नक्कल भरली जाते, आणि तो पुटिकेत बसून शेजारच्या पेशीत जातो. फळमाशीत तो चेतापेशीतून स्नायूत जाताना पाहिला गेला, तर उंदरांत एका चेतापेशीतून दुसरीत. हा चेंडू दिसतो एचआयव्हीसारख्या विषाणूच्या कवचासारखा, आणि त्याला कारण आहे. डीएनएत स्वतःच्या नकला घुसवत फिरणाऱ्या, विषाणूंच्या नातलग अशा एका प्राचीन जनुकीय घटकापासून आर्क उत्पन्न झाला आहे. माश्यांत आणि चार पायांच्या प्राण्यांत ही घटना स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी घडली. कोट्यवधी वर्षांपूर्वी घरात शिरलेल्या चोराला घरच्यांनी निरोप्या म्हणून ठेवून घेतले, असेच काहीसे हे आहे. निरोपाचा स्मृतीत नेमका काय वाटा आहे, यावर अजून काम चालू आहे.

तिसरे उदाहरण वनस्पतींचे. द्राक्षाच्या घडावर किंवा स्ट्रॉबेरीवर करड्या कापसासारखी पसरणारी बोट्रायटिस ही बुरशी बागाइतदारांच्या चांगली परिचयाची आहे. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे हैलिंग जिन यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवले, की ही बुरशी आपले छोटे आरएनए वनस्पतीच्या पेशींत सोडून तिची संरक्षक जनुके बंद पाडते. पाच वर्षांनी त्याच गटाने उलट दिशेची वाहतूक शोधली. मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस ही वनस्पती आपले छोटे आरएनए पुटिकांत भरून बुरशीकडे पाठवते आणि तिची रोग पसरवणारी जनुके दाबते. दोन्ही बाजू एकमेकींच्या दप्तरावर 'रद्द'चे शिक्के मारत लढत असतात. या माहितीचा उपयोग करून, बुरशीच्या जनुकांशी जुळणारा आरएनए फळांवर फवारून तिला रोखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मात्र वनस्पतींचा आरएनए खाण्यातून माणसाच्या पेशींपर्यंत पोचतो का, हा प्रश्न निराळा आहे. भाताचा सूक्ष्म आरएनए माणसाच्या रक्तात मिळाल्याचा आणि तो उंदराच्या यकृतातील एका जनुकाला दाबत असल्याचा दावा २०१२मध्ये चीनमधील एका गटाने केला होता, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बरेच रकानेही भरले गेले. इतर प्रयोगशाळांना तसे परिणाम मिळाले नाहीत.

या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय, असे विचारले, तर सर्वांत पक्के उत्तर निदानाच्या बाजूने येते. त्याचे कारण साधे आहे. पुटिकेतील मजकूर दुसऱ्या पेशीने वाचला की नाही, याच्याशी निदानाला कर्तव्य नसते. तो डॉक्टरांना वाचता आला की झाले. २००८मध्ये बोस्टन येथे मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या २५ रुग्णांपैकी ७ जणांच्या रक्तातील पुटिकांत त्या गाठीतील बिघडलेल्या जनुकाची आरएनए-नक्कल सापडली. कवटी न उघडता मेंदूतील गाठीची बातमी हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात मिळाली, हे त्या काळी नवल होते. अमेरिकेत २०१६पासून लघवीतील पुटिकांमधील तीन जनुकांचा आरएनए मोजून, प्रोस्टेटच्या गाठीसाठी सुई घालून तुकडा तपासायचा की थांबायचे, हे ठरवायला मदत करणारी चाचणी उपलब्ध आहे.

औषधाच्या बाजूने वाट अधिक चढाची आहे. २०११मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यू वुड यांच्या गटाने उंदराच्या प्रतिकारपेशींकडून असे एक्झोसोम बनवून घेतले, ज्यांच्या अंगावर रेबीज विषाणूच्या प्रथिनाचा चेतापेशी ओळखणारा तुकडा होता. त्यांत एक छोटा आरएनए भरून ते शिरेतून टोचले. मेंदूतील अल्झायमरशी संबंधित एका जनुकाच्या नकला सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडणे औषधशास्त्राला एरवी किती जड जाते हे पाहता हा निकाल मोठा होता, पण तो उंदरांतला होता. पेशींकडून एकसारख्या पुटिका मोठ्या प्रमाणावर बनवून घेणे आणि त्यांत ठरलेला आरएनए ठरलेल्या मात्रेत भरणे अजूनही सोपे नाही. उद्योगाने म्हणूनच कृत्रिम मार्ग धरला. फायझर आणि मॉडर्ना यांच्या कोविड लसींतील आरएनए सुमारे १०० नॅनोमीटरच्या, कारखान्यात बनवलेल्या स्निग्ध कणांत गुंडाळलेला असतो, आणि पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या 'जेमकोव्हॅक' या लसीतही, जिला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आरएनए स्निग्ध कणांच्याच आधाराने पेशीत शिरतो. गिळल्यानंतर दार उघडण्याची अडचण या कणांनाही येते. त्यांतील रसायने पिशवीतल्या आम्लात विद्युत्भारित होऊन पटल फोडतील अशी मुद्दाम घडवलेली असतात, तरी बराचसा आरएनए वायाच जातो.

चेहऱ्याचा तजेला, केसांची वाढ आणि गुडघेदुखी यांसाठी 'एक्झोसोम' टोचून देण्याच्या जाहिराती मात्र केव्हाच सुरू झाल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९मध्ये, अशा उत्पादनांनंतर काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्याचे कळल्यावर, जाहीर इशारा दिला आणि आपण कोणत्याही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही असे स्पष्ट केले. आपल्या शहरात कोणी अशी कुपी पुढे केली, तर त्यातील पुटिका कोणत्या पेशींच्या आहेत, त्या कशा वेगळ्या काढल्या, एका मिलिलिटरमध्ये किती आहेत आणि त्यांच्यासोबत आणखी काय आले आहे, एवढे चार प्रश्न विचारून पाहावेत. चांगल्या प्रयोगशाळांनाही त्यांची उत्तरे देताना बरीच मेहनत करावी लागते.